धर्माचं विरजण

धर्मा घरत आमच्या उरणच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागला त्याला आता एकतीस वर्षं झाली. मुलाखतीला मी होते. अर्जात शिक्षण ‘आठवी’ आणि अनुभव ‘मिठागर’ असं लिहिलेलं. मी विचारलं, “रसायनातलं काय येतं?”

“मीठ येतं.”

“आणखी?”

“आणखी कशाला, बाई? मीठच पुरं येत न्हाय कुणाला.”

बाकीचे दोघे हसले. मी हसले नाही, कारण मला उत्तर पटलं होतं. घेतला त्याला.

पहिल्याच आठवड्यात तो मोरचुदाच्या बरणीत बोट घालताना सापडला. मिठागरावर वाढलेला माणूस. पाणी किती पिकलं, म्हणजे आटून किती खारट झालं, ते जिभेवर ठरवायचं, ही बापाची शिकवण. मी ओरडले, “अरे, मरशील!” तर म्हणतो, “गिळत न्हाय बाई, नुसतं टेकवून बगतो.” त्यानंतर सतरा वर्षं, म्हणजे मी निवृत्त होईपर्यंत, मला दोन कामं होती. मुलांना रसायन शिकवायचं आणि धर्माच्या तोंडापासून रसायन लांब ठेवायचं. दुसरं जास्त जमलं.

त्या तोंडाचं दुसरं काम बोलणं. धर्मा कशावरही बोलतो. जिताडा मासा कसा कापावा, प्राचार्यांच्या मुलाचं लग्न का मोडलं, करंजा बंदराची होडी पूर्वी किती वेळ लावायची. स्वतःच्या हर्नियाचं ऑपरेशन त्याने स्टाफरूममध्ये हातवाऱ्यांसकट सांगितलं होतं, तेही आम्ही डबे उघडून बसलेलो असताना. अशा माणसाने आयुष्यात एकाच गोष्टीबद्दल तोंड उघडलं नाही, आणि त्यापायी नेत्राची पाच वर्षं वाया जायची वेळ आली. ती गोष्ट सांगते.

नेत्रा ही जवळच्याच गावातली मुलगी. बापाचे दोन ट्रेलर बंदरात चालतात. घरात पीएच.डी. म्हणजे काय हे कोणाला माहीत नाही, पण “पोरगी डॉक्टर होतेय” म्हणून बाप सगळ्यांना सांगून मोकळा. गावातले दोघेजण गुडघे दाखवायलाही येऊन गेले. तिची मार्गदर्शक विनिता, आमच्या विभागाची प्रमुख आणि माझी जुनी विद्यार्थिनी. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, घरी बसून सुनेच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा विनिताच्या कामात खुपसावं म्हणून दर बुधवारी प्रयोगशाळेत जाते. दोघीही सहन करतात.

नेत्राचा विषय पॉलिमरचे स्फटिक आणि त्याची विद्राव्यता. पॉलिमर म्हणजे काय ते मी इथे शिकवत बसणार नाही, जन्मभर शिकवलं, पुरे झालं. एवढं लक्षात ठेवा, की त्याचा एकेक रेणू म्हणजे लांबच लांब धागा. गरम द्रावकात हे धागे सुटे होऊन तरंगत राहतात, म्हणजे पॉलिमर विरघळतो. द्रावक गार होत गेलं की त्याच्या पोटात तेवढे धागे मावेनासे होतात. मग त्यांनी नीट घड्या घालून एकमेकांना लागून बसावं अशी अपेक्षा असते. बसले, की स्फटिक झाला. नेत्राचा पॉलिमर मक्यापासून केलेल्या, मातीत कुजणाऱ्या प्लास्टिकच्या जातीतला. आणि महाआळशी. गार करून ठेवला तरी दोन-दोन दिवस नुसता निवळ पाण्यासारखा, आणि शेवटी बसलाच तर डिंकासारखा गोळा. स्फटिक सुटे आणि वेळेवर आले असते तर पुढची सगळी मोजमापं झाली असती. ते येत नव्हते. साडेचार वर्षं मुलगी अडकून पडली होती. विद्यापीठाची मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही.

मग गेल्या वर्षी जूनमध्ये एका फ्लास्कात, ठेवून दिल्याच्या सहाव्या दिवशी, पहिल्यांदा खरे स्फटिक आले. चिमूटभर. नेत्राने मोजले, फोटो काढले, पेढे वाटले. बशीत जे उरलं ते धुवायला धर्माकडे गेलं.

आणि जुलैपासून चमत्कार. फ्लास्क टाकला की स्फटिक तयार. नेत्रा संध्याकाळी द्रावण गरम पाण्याच्या टाकीत ठेवून घरी जायची, टाकी आपोआप हळूहळू गार होत जायची, सकाळी सातला धर्मा येऊन प्रयोगशाळा उघडायचा आणि दहाला नेत्रा येऊन बघते तो फ्लास्क भरलेले. तिला वाटलं, आपण टाकी गार करण्याचं नवं वेळापत्रक बसवलं त्याची ही करामत. विनितालाही तेच वाटलं. मलाही. चार महिन्यांत सव्वीस खेपा, एकही फसली नाही. स्फटिकांना अगदी फिकट गुलाबी झाक होती. त्याचं कारण नेत्राने पुस्तकांत शोधलं, आणि पुस्तकात शोधलं की कारण मिळतंच.

प्रबंध लिहून झाला. तो बाहेरच्या तज्ज्ञाने आधी तपासायचा असतो. ते तज्ज्ञ पुण्याचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी नेत्राला म्हटलं, या, माझ्या प्रयोगशाळेत एकदा करून दाखवा. ती गेली. तेच द्रावण, तसलीच टाकी, तेच वेळापत्रक. तीन दिवस, तीन खेपा. काही नाही. निवळ.

साहेब म्हणाले, “तुमचं द्रावण निवळ आहे, आकडे मात्र गढूळ दिसतात.” आणि सही केली नाही. पुढच्या शुक्रवारी आपण स्वतः उरणला येऊ, तिथे झालं तर बघू, नाही तर काम नामंजूर, असं ठरलं.

“बाई, फुल वाट लागली,” नेत्रा माझ्यासमोर बसून म्हणाली. “इथे येतात, तिथे येत नाहीत. त्यांना वाटतंय मी आकडे घरी बसून लिहिले.”

“लिहिलेस का?”

“बाई!”

“विचारलं फक्त. मग टाकीत काहीतरी आहे. मी बघते.”

मला पाचला जाग येते, आणि कोणाची वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. बुधवारी, म्हणजे साहेब यायच्या दोन दिवस आधी, मी सात वाजता प्रयोगशाळेत हजर. दार उघडं होतं. धर्मा टाकीपाशी, पाठमोरा. मी हाक मारणार होते, पण तो काय करतोय ते बघून थांबले.

त्याने टाकीतला एक फ्लास्क उचलला. नॅपकिनने पुसला. उजव्या हाताची मागची बाजू फ्लास्कच्या पोटाला टेकवली, ताप बघतात तशी. मान हलवून फ्लास्क परत ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याचं समाधान झालं असावं. खिशातून एक छोटी स्टीलची डबी काढली, काडीच्या टोकावर काहीतरी कणभर घेतलं, फ्लास्कचं बूच काढून आत झटकलं, बूच लावलं, आणि फ्लास्कला नमस्कार केला. असे सहा फ्लास्क, सहा नमस्कार.

“धर्मा!”

दचकला नाही. डबी खिशात टाकून म्हणाला, “बाई, आज लवकर आलाव? चा सांगू?”

“डबीत काय आहे?”

ओठ मिटले.

“धर्मा, मी विचारतेय, डबीत काय आहे?”

त्याने डबी माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि छताकडे बघत उभा राहिला. मी उघडली. आत पांढरे पापुद्रे, कडांना लालसर. वास ओळखीचा. डबी कुंकवाची होती. आणि पापुद्रे कसले ते मला लगेच कळलं, नेत्राने पेढे वाटले तेव्हा मी ते भिंगाखाली पाहिले होते. जूनमधले ते पहिले स्फटिक. त्याने धुतलेच नव्हते.

“हे तू रोज टाकतोस? जुलैपासून?”

छत.

“नेत्राला माहीत आहे?”

छत. मी त्याला बरंच बोलले. सगळं इथे लिहीत नाही. एकतीस वर्षांत धर्मा घरत ऐकून घेतोय आणि उलट बोलत नाही, असं पहिल्यांदा घडत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच जास्त भीती वाटली. रिक्षा केली आणि त्याच्या घरी गेले.

त्याची बायको कमळ अंगणात वाळलेली लुगडी काढून घड्या घालत होती. बोलण्यात ती धर्माच्या वर.

“कमळ, तुझ्या नवऱ्याने काय केलंय तुला माहीत आहे का?”

“कुठलं बोलताव? लय केलंय त्यानं.”

मी डबी दाखवली. तिने कपाळाला हात लावला. कपाळावर टिकली होती.

“अगो माजी डबी! पाच म्हैने टिकली लावतंय मी. विचारलं का गप, विचारलं का गप. तवाच मी वलखलं, हा कुठंतरी विरजण घालतंय.”

“विरजण?”

“मिठाचं, बाई. तुम्ही कालेजात काय शिकवलाव मंग?”

आणि तिने मला शिकवलं. मिठागरात हंगामाचं पहिलं पाणी उन्हात पिकतं, त्याला गुलाबी रंग येतो, पण मीठ बसत नाही. पाणी नुसतं थांबून राहतं. मग घरातल्या जाणत्याने मागच्या वर्षीच्या राशीतलं मूठभर जुनं मीठ त्यात टाकायचं. पाणी फार तापलेलं असताना नाही, मीठ विरघळून जातं. फार उशिरा नाही, सगळं एकदम दगड होऊन बसतं. नेमक्या वेळेला टाकायचं. की मग दाणा धरतो. धर्माचा बाप हे करायचा, बापामागे धर्मा.

“आणि मंग तोंड शिवायचं,” कमळ म्हणाली. “रास उठेपर्यंत, मीठ आगरातून जाईपर्यंत कुणाला बोलायचं न्हाय. बोललं का मीठ लाजतं. बसत न्हाय.”

“कोण म्हणतं?”

“सगलीच म्हणतात.”

“कोणी बोलून बघितलंय का कधी?”

“बोलून कशाला बगायचं? आणि न्हायच बसलं तं?”

मी विद्यापीठांतही याहून कमजोर युक्तिवाद ऐकलेत.

“मग नेत्राची रास कधी उठणार, त्याच्या हिशेबाने?”

“तिला डिग्री गावंल तवा. दुसरी कुठली रास हाय तिची?” लुगड्याचं एक टोक तिने हनुवटीखाली धरलं होतं. “आमचं आगर गेलं त्याला सात वर्सं झाली. भराव टाकला, आता कंटेनर ठेवतात. शेवटच्या राशीची मूठ अजून बरणीत हाय आमच्या फळीवर. घालायची कुठं? कंटेनरवर? हाताला सवय लागलेली, बाई. गावला फ्लास्क, घातलान.”

मी म्हटलं, “नऊवारी एकटीने कशी घडी घालतेस गं?”

“पयली घडी नीट पडाया लागते. मंग लुगडं आपलंआप तिच्यावर बसतं.”

मी तिथेच ओट्यावर बसले. कारण नेत्राच्या फ्लास्कात काय चाललं होतं ते एवढंच होतं. लांब धाग्याला पहिली घडी सुचत नाही, घडी घातलेला एक तुकडा शेजारी आणून ठेवला की बाकीचे त्यावर बसत जातात. हे शास्त्राला नवं नाही, पुस्तकांत आहे, स्फटिकाचं बी टाकणं म्हणतात. मी स्वतः शिकवलेलं आहे. पण आमच्याच नाकासमोर कोणी ते कुंकवाच्या डबीतून टाकत असेल, हे पुस्तकात नव्हतं.

परत येताना रिक्षात माझ्या मनात काय आलं तेही सांगते. म्हटलं, जाऊ दे. शुक्रवारी सकाळी धर्मा गुपचूप टाकेल, स्फटिक येतील, साहेब सही करतील, मुलगी सुटेल. मोऱ्याच्या फाट्यापर्यंत मी याच मताची होते. मग कुंकू आठवलं. जो माणूस पुण्यात बसून आकडे गढूळ म्हणतो, त्याला गुलाबी रंग दिसणार नाही? माझा प्रामाणिकपणा निम्मा तरी असा धाकाचा आहे.

नेत्रा आणि विनिता, दोघींना समोर बसवून सांगितलं. विनिताने डोळे मिटून घेतले. नेत्रा आधी हसली.

“बाई, त्या गुलाबी रंगावर तिसऱ्या प्रकरणात दीड पान आहे माझं.”

“वाचलंय. प्रकाशाच्या विकिरणावर छान लिहिलंयस. कुंकू आहे ते.”

मग तिचा चेहरा बदलला. उठली आणि धर्मा चंचुपात्रं धूत होता तिथे गेली.

“मामा, सव्वीस खेपा! चार महिने! एक शब्द तरी बोलायचास!”

धर्माने नळ बंद केला. तोंड उघडलं, मिटलं, आणि नळ पुन्हा चालू केला. धुतलेलं चंचुपात्र त्याने पुन्हा धुवायला घेतलं, ते मला दिसलं. नेत्राला दिसलं नाही, ती तोवर बाहेर गेली होती.

विनिता शांत डोक्याची आहे, माझ्याकडे शिकून कशी अशी झाली कोण जाणे. म्हणाली, “बी टाकणं गुन्हा नाही. न सांगता टाकणं हा घोटाळा. आपण साहेबांना सगळं सांगू. त्यांच्यासमोर सहा फ्लास्क लावू. तीन बी टाकून, तीन न टाकता. बी स्वच्छ धुऊन, कुंकवाशिवाय. फरक दिसला तर काम उभं राहील. नाही दिसला तर संपलं.”

बुधवारी दुपारीच नुसतं कुंकू टाकून एक फ्लास्क लावला. काही झालं नाही. कुंकू निर्दोष सुटलं.

राहिला गुरुवार. नेत्राने स्वतःच्या हाताने बी टाकायला सुरुवात केली. टाकीवरचा आकडा बघून, साठ अंशांना टाकलं. कण विरघळून गेला. पुढच्या खेपेला चाळीसला टाकलं. डिंकाचा गोळा. मग पन्नास. विरघळला. त्रेचाळीस. गोळा. दर वेळी ती कण टाकायला काडी उचलायची आणि मागे मोरीपाशी उभा धर्मा बैलासारखी मान हलवायचा.

“मग कधी टाकू ते बोल ना!” नेत्रा ओरडली.

मान हलली, तोंड नाही.

माझा संयम मुळात कमी. मी कमळला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “कमळ, तुझा नवरा बोलत नाही. उद्या साहेब येणार. काय करू?”

“बोलणार न्हाय तो, बाई. मारलाव तरी.”

“अगं, पण आता आम्हाला कळलंच आहे!”

“तुम्ही बगितलाव. मी बोललंय. तो कुठं बोलला? त्याचा नेम तं शाबूत हाय.”

“बरं. मग त्याने नुसतं दाखवलं तर?”

पलीकडे ती विचार करत होती. इकडे धर्मा टाचा उंचावून फोनकडे बघत होता, जणू न्यायालयाचा निकाल यायचाय.

“दाखवाया कोण न्हाय बोलतंय? माज्या सासऱ्यानं त्याला दाखवलानच होता. बोलून थोडाच शिकवलान?”

धर्माने मोठा श्वास सोडला. पण गुरुवार संपला होता, द्रावणही संपलं होतं. उरलं होतं ते शुक्रवारपुरतं.

साहेब नऊला आले. विनिताने त्यांना सगळं सांगितलं, कुंकवासकट. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावरून काही कळेना. मग म्हणाले, “ठीक. बी कोण टाकणार?”

“मी,” नेत्रा म्हणाली. “पण वेळ हे सांगतील. म्हणजे, दाखवतील.”

धर्मा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. नेमाला चुकून तडा जायला नको म्हणून त्या दिवशी त्याने कसलंच बोलायचं नाही असं ठरवलं असावं. चहा हवा का तेही खुणेने विचारलं. साहेबांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “यांना बोलता येत नाही का?”

मी म्हटलं, “सध्या नाही.”

झालं. साहेब त्या क्षणापासून धर्माशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले. “काका! चहा! छान! आहे!” धर्मा वाकून नमस्कार करायचा. नेत्राने हसू येऊ नये म्हणून ओठ चावला. दोन दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याकडे रागाशिवाय बघत होती.

टाकी गार होत आली. धर्माने पहिला फ्लास्क उचलला, पुसला, उपडा हात लावला. मान नाही. थांबला. पुन्हा. नाही. साहेब पुढे सरकले. तिसऱ्या वेळी धर्माची मान होकारात हलली, आणि त्याने एकदम साहेबांचा हात धरला. साहेबांनी तळहात पुढे केला. धर्माने तो उलटा केला आणि मागची बाजू फ्लास्कला टेकवली.

“तळहात खोटं सांगतो,” मी मध्ये पडले, कारण कोणीतरी बोलायला हवं होतं. “मिठाची फळी ओढून ओढून त्याचं कातडं होतं, त्याला ऊन-गार कळत नाही. म्हणून उपडा हात.”

“थर्मामीटर,” साहेब म्हणाले. “फ्लास्कच्या आत.”

आत बावन्न. टाकीवरचा आकडा सत्तेचाळीस.

घट्ट द्रावण टाकीपेक्षा सावकाश गार होतं, हे कळायला पीएच.डी. लागत नाही. मलाही कळायला हवं होतं. आम्ही तिघी शिकलेल्या बायका दोन दिवस टाकीचा ताप बघत होतो. फ्लास्कचा ताप बघणारा एकटा धर्मा.

नेत्राने तीन फ्लास्कांत बी टाकलं. नमस्कार धर्माने केले, साहेबांची हरकत नव्हती. आता तीन तास थांबायचं. कमळने डबा पाठवला होता, तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, कैरीचं लोणचं. साहेब शाकाहारी निघाले, त्यांनी लोणचं-भाकरी खाल्ली. जवळा मी संपवला. नेत्राने घास तोंडात धरून ठेवला होता, गिळत नव्हती. धर्मा जेवलाच नाही. टाकीपाशी उभा. त्याची भीती मला कळत होती. स्वतः बोलला नसला तरी एवढ्या जणांना माहीत झालं होतं, आणि असल्या भानगडीत मीठ कसं वागतं याचा अनुभव गावात कोणालाच नव्हता.

बारा वाजता काही नाही. साडेबाराला काही नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. एकला पाच कमी असताना धर्माने माझ्या पदराला हात घातला, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ओढलं.

पहिल्या फ्लास्कात काहीतरी हललं. विनिताने तो उचलून उजेडाकडे धरला आणि हलकेच फिरवला. आत रेशमाची लड उलगडावी तशी झुळूक फिरली. पांढरी. अजिबात गुलाबी नाही. मग दुसरा, मग तिसरा. बी न टाकलेले तीन फ्लास्क शेजारी, निवळ, निर्लेप, काही घडलंच नाही अशा थाटात.

साहेबांनी सहाही स्वतः फिरवून पाहिले, चष्मा काढून पाहिले, चष्मा लावून पाहिले. म्हणाले, “या तिघांत आहे, या तिघांत नाही. हे मी लिहून देतो. जुने सव्वीस आकडे मात्र जातील. तिसरं प्रकरण फाडा. मुदत किती उरली आहे?”

“चार महिने,” नेत्रा म्हणाली.

“मग सव्वीस खेपा होतील. मागेही चार महिन्यांतच झाल्या होत्या.”

जाताना त्यांनी थोडं बी काचेच्या कुपीत मागून घेतलं. पुढच्या आठवड्यात विनिताला फोन आला, पुण्यातही बसले. बावन्नला.

चार महिने नेत्रा सकाळी सातला यायची. धर्मा फ्लास्कला हात लावायचा, ती आत थर्मामीटर घालायची, दोघांचं जुळलं की बी पडायचं. कधी एखाद्या अंशाचा फरक पडला तर ती म्हणायची, “मामा, थर्मामीटर खराब झालंय.” तो कौतुकाने मान हलवायचा. त्या विषयावर अजून एक अक्षर नाही. बाकी विषयांवर पूर्ववत.

तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली. परीक्षक पुन्हा तेच पुण्याचे साहेब. दीड तासाने दार उघडलं, साहेब बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “अभिनंदन, डॉक्टर नेत्रा.” तिचा बाप रडायला लागला, त्याच्या मागे उभे असलेले गुडघेवाले दोघे टाळ्या वाजवायला लागले.

धर्मा चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा होता. माझ्याजवळ सरकला.

“बाई, सही झाली?”

“झाली.”

“पक्की? आता कोण ‘न्हाय’ बोलू शकत न्हाय?”

“कोणी नाही.”

“म्हंजे रास उठली.”

“उठली रे बाबा.”

त्याने ट्रे टेबलावर ठेवला, घसा खाकरला आणि साहेबांकडे वळला. “साहेब, तवा तुम्ही हात लय घाईनं काढलाव. जरा ठेवायचा असतो. आता बगा, माजा बाप काय करायचा...”

साहेबांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मी ‘सध्या’ म्हटलं होतं.

दहा महिन्यांचं साठलेलं होतं. पाणी कसं पिकतं, डबी का घेतली, नेत्रा रोज तोंड पाडून बसायची ते बघवेना, कुंकवाचं आपल्या ध्यानातच आलं नाही, आणि आलं असतं तरी गुलाबी पाणी चांगलंच असतं. साहेबांची चारची गाडी गेली. पाचची गेली. ते मात्र वही काढून लिहून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “काका, एक शंका आहे. बोललं की मीठ लाजतं, बसत नाही, असं तुम्ही म्हणता. पण त्या शुक्रवारी तर सगळ्यांना सगळं माहीत होतं. तरी हे कसं बसलं?”

धर्माने त्यांच्याकडे दयेने पाहिलं.

“साहेब, लाजतं ते मीठ. ह्ये प्लाष्टिक. ह्याला कसली लाज?”